साडेदहा ते अकरा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून साखळी सुरू झाली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंतचे अर्धे-अर्धे तास वाटून घेतलेत. चोवीस बायका, चोवीस कड्या. प्रत्येकीने आपल्या वेळात घरीच बसून प्रार्थना करायची आणि वेळ संपली की पुढच्या बाईला फोन करून म्हणायचं, "झाली, पुढे घ्या." म्हणजे दिवसभर कोणी ना कोणी देवासमोर असतंच. कल्पना पाळकीणबाईंची, आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीची. मला साडेदहा ते अकरा मिळाली. माझ्या आधी स्वतः पाळकीणबाई आणि माझ्यानंतर शिवणबाई. शिवणबाईंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. त्या समोर आल्या की अजूनही माझा हात आपोआप बटणांकडे जातो.

ही वही साखळीसाठीच घेतली. काय मागितलं आणि काय मिळालं ते तारखेनिशी लिहून ठेवा, असं पाळकीणबाईंनी सगळ्यांना सांगितलंय.

तर खरं लिहायचं म्हणजे मी दोन वर्षांत धड प्रार्थना केलेली नाही. लग्नाआधी वसतिगृहात पहाटे तासभर बसायचे. रविवारच्या वर्गात मुलांना शिकवायचे. मैत्रिणी परीक्षेच्या आधी येऊन सांगायच्या, आमच्यासाठी माग गं, तुझं पोचतं. आता मी दिवसभर घरात असते, ना ऑफिस ना साहेब, आणि देवाला द्यायला माझ्याकडे पाच मिनिटं नाहीत. कोणाला सांगायचीसुद्धा सोय नाही.

मोठी सहा वर्षांची, ती सकाळीच शाळेत जाते. उरतो धाकटा, सव्वा वर्षाचा. ह्यांनी त्याचं नाव भोंगा ठेवलंय. हे लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर मोटारींचा खडखडाट ऐकून येतात, तरी म्हणतात, असा आवाज एकाही मोटारीला नाही.

४ फेब्रुवारी

साडेदहाला भोंगा झोपला होता. मी चप्पल काढली, श्वास रोखला आणि हळूच गुडघे टेकले. माझा गुडघा वाजला. तो उठला.

अकराला शिवणबाईंना फोन केला तेव्हा तो काखेत होता आणि माझ्या तोंडात बोटं घालत होता. "झाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडी झाली. त्या म्हणाल्या, "थोडी म्हणजे?" मी म्हटलं, झाली, पुढे घ्या.

६ फेब्रुवारी

न्हाणीघरात बादली पालथी घालून बसले आणि दाराला कडी लावली. बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं ठरवलं होतं. चष्मा काढला तर चष्म्याच्या डबीचं झाकण टक् करून मिटलं, आणि आतल्या खोलीतून भोंगा सुरू झाला. मध्ये दोन भिंती आहेत. ह्या मुलाला झोपेत भाजी चिरलेलीसुद्धा ऐकू येते. दारावर थापा मारत "आ-ई, आ-ई" चाललं होतं. शेवटी तो माझ्या मांडीवर आणि पवित्र शास्त्र दुसऱ्या, भरलेल्या बादलीत.

पान वाळत घातलंय.

७ फेब्रुवारी

आज खोटं बोलले. साडेदहा ते अकरा त्याचे कपडे बदलले, सांडलेलं दूध पुसलं, पुन्हा त्याचे कपडे बदलले. अकराला शिवणबाईंना शांतपणे म्हटलं, "झाली, पुढे घ्या." त्यांनी घेतली. जिभेला काही झालं नाही.

१२ फेब्रुवारी

खोटं बोलायला सरावले. पहिल्या दिवशी अपराधी वाटलं, आता फोन उचलतानाच तोंडावर एक पवित्र भाव येतो, तोही फोनवर, जिथे कोणी बघत नाही.

पाळकीणबाईंनी सगळ्यांना कळवलंय की पहिल्याच आठवड्यात साखळी एकदाही तुटली नाही. शिवणबाई त्यांच्याकडे म्हणे माझं कौतुक करत होत्या, लहान मूल असून वेळ पाळते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आज भांडी घासता घासता, भोंगा पायाला लटकलेला असताना, मी तोंडाने मोठ्याने मागितलं. म्हटलं, देवा, मला मोठं काही नको. ह्याला अर्धा तास गप्प कर. कसंही कर, पण गप्प कर, म्हणजे मला तुझ्याशी बोलता येईल.

लिहिताना लाज वाटतेय. पण काय मागितलं ते लिहायचं ठरलंय.

१८ फेब्रुवारी

भोंग्याला ताप. एकशे तीन. दूध घेत नाही. मान वाकवली की किंचाळतो. हे कामावरून परत यायला निघालेत, आले की लगेच दवाखान्यात.

२३ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये सहावा दिवस. मेंदूवरच्या आवरणाला सूज आहे. हाताला सुई, नाकात नळी. तीन दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. काल उघडले आणि माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कळलं नाही.

शिवणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुझी कडी मी घेतलीय. साडेदहा ते साडेअकरा मीच बसते. तू मुलाकडे बघ." इतक्या दिवसांत मी कुठे बसून प्रार्थना अशी केलीच नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या नुसतं एकच चालू असतं, वाचव, वाचव, वाचव. पण ती काही प्रार्थना नव्हे. ना स्तुती, ना कबुली, ना क्रम.

४ मार्च

घरी आलो. प्रभूची स्तुती असो. वाळून काडी झालाय, पण माझा आहे. चालायला शिकला होता, आता उभा केला की तोल जाऊन बसतो. डॉक्टर म्हणाल्या, अशक्तपणा असतो, वेळ लागेल. एक कागद दिलाय, त्यात पुढच्या तपासण्यांची यादी आहे. रक्त, डोळे, कान, वजन. वेळ हॉस्पिटलमधून फोन करून कळवणार आहेत. कागद हरवायला नको म्हणून शास्त्रात ठेवला.

उद्यापासून माझी कडी परत घेते. देवाने मूल परत दिलं, मी अर्धा तास द्यायला नको?

८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

साडेदहाला भोंग्याला झोपवलं आणि त्याच्याच खाटेपाशी गुडघे टेकले. दहा मिनिटांनी दाराची घंटा वाजली, लांबलचक. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं, झालं. तो हलला नाही. घंटा परत वाजली. तरी नाही. पार्सलवाला होता. मी दार उघडलं, सही केली, दार लावताना ते धाडकन आपटलं, येऊन बघते तर पोरगं तसंच गाढ. मी पुन्हा बसले आणि अकरा वाजेपर्यंत बसून राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी रडत होते.

शिवणबाईंना म्हटलं, झाली. त्या म्हणाल्या, "आज आवाज वेगळा येतोय तुझा." मी म्हटलं, आज खरंच झाली. पटकन जीभ चावली, पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

१४ मार्च

रोज होतंय. त्याच्या उशाशी कपडे धुण्याचं मशीन खडखडत असतं आणि तो निवांत झोपलेला असतो. काल तर मी गीत म्हटलं, अगदी गळा मोकळा सोडून, चारही कडवी. पूर्वी गुणगुणायची चोरी होती. मागितलेलं असं मिळतं, असं मी रविवारच्या वर्गात मुलांना शिकवायचे. आता स्वतःला कळलं.

जागा असतानाही तो शांत झालाय. डब्यांची झाकणं एकावर एक ठेवत बसतो. बडबड मात्र बंद आहे. "आ-ई" नाही, "बा-बा" नाही. अंगात ताकद आली की येईल परत.

२१ मार्च

चौदा दिवस, एकही खाडा नाही. मन इतकं हलकं असतं की ह्यांच्यावर चिडतसुद्धा नाही. काल हे दारातून चाव्या वाजवत आले. पूर्वी चाव्या वाजल्या की भोंगा असेल तिथून दारात हजर व्हायचा. काल पाठमोरा बसून राहिला. ह्यांनी दोनदा वाजवल्या. मग जवळ जाऊन उचललं तेव्हा दचकला आणि हसला. हे म्हणाले, "मला विसरला की काय हा?" मी म्हटलं, रविवारीसुद्धा कामावर जाता, मग मुलं रुसणारच. ते कपडे बदलायला गेले.

२६ मार्च

हॉस्पिटलमधून फोन. कानांची तपासणी, एक एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेदहा. नेमकं साडेदहाच मिळावं का? जायला-यायला धरून माझी वेळ जाणार, आणि मंगळवारी माझे पंचवीस दिवस होतात. पाळकीणबाईंनी मुद्दाम सांगितलंय, पुढच्या रविवारी उपासनेत तुझी साक्ष ठेवलीय, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, खंड पडू देऊ नकोस.

फोनवरच्या मुलीला म्हटलं, दुपारची वेळ नाही का? ती म्हणाली, दुपारी ही तपासणी होत नाही, पुढची सकाळ सहा मेला आहे, साडेनऊ. मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "नक्की पुढे ढकलू? पाच आठवडे होतील." मी म्हटलं, मूल अगदी छान आहे, शांत झोपतं, जेवतं.

ह्यांना सांगितलं नाही. पुढे ढकलण्यासारखीच गोष्ट होती, त्यात सांगायचं काय?

६ एप्रिल, रविवार

साक्ष दिली. उभी राहिले आणि सगळं बोलले. दोन वर्षं वेळ मिळत नव्हती, मी खोटं बोलत होते, हेसुद्धा सांगितलं. शिवणबाई तिसऱ्या रांगेत होत्या. मग मागणं सांगितलं, आजारपण सांगितलं, आणि शेवटी म्हटलं की देवाने मूलही परत दिलं आणि शांतताही दिली. माझ्या मागे ह्यांच्या खांद्यावर भोंगा झोपला होता. ढोलकी, पेटी, दोनशे माणसं टाळ्या वाजवत गात होती, तो हललाही नाही. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, ही बघा साक्ष. सगळे वळून बघत होते.

उपासना संपल्यावर बेकरीवाल्यांच्या सुनेने माझा हात धरला. तिचं बाळ दीड महिन्याचं आहे, दिवसरात्र रडतं, पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालंय. म्हणाली, "ताई, मी पण आजपासून हेच मागणार." मी म्हटलं, माग, विश्वासाने माग.

शिवणबाई नुसत्या म्हणाल्या, "चांगलं बोललीस." मग भोंग्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

१३ एप्रिल

ह्यांच्याशी भांडण. हे म्हणतात, हा हाकेला बघत नाही. मी म्हटलं, तुमच्या हाकेला बघत नसेल. मी दुधाची बाटली दाखवली की लगेच बघतो. हे म्हणाले, "दाखवली की बघतो. मी हाक म्हणतोय." मी म्हटलं, देवाने दिलेल्यात खोट काढायची तुम्हाला सवयच आहे. मी फार बोलले. जेवताना त्यांनी विचारलं, डॉक्टरांकडे कधी जायचंय? मी म्हटलं, सहा मेला वेळ दिलीय. दिलीय म्हटलं. तसं ते खोटं नाही.

१७ एप्रिल

मोठीने एक खेळ काढलाय. भोंग्याच्या पाठीमागे जाऊन ताटावर पळी बडवायची. तो आपला झाकणं रचत बसलेला. "आई, बघ, भोंगा आता कशालाच घाबरत नाही." मी म्हटलं, देवाने त्याची भीती काढून घेतली. मोठी म्हणाली, "मग माझी पण काढायला सांग ना, मला शाळेच्या घंटेची वाटते."

पळी हिसकावून घेतली आणि तिला एक धपाटा दिला. का दिला, मलाच कळलं नाही. ती रडली तेव्हाही भोंग्याने मान वर केली नाही.

आज साडेदहाला बसले होते, पण मन लागलं नाही.

२२ एप्रिल

शिवणबाई घरी आल्या, न कळवता, दहा वाजता. म्हणाल्या, आज दोघी मिळून बसू. भोंगा जमिनीवर पाठमोरा खेळत होता. त्यांनी पर्स उघडली, कापड कापायची मोठी कात्री काढली आणि त्याच्या मागे एक हात अंतरावर फरशीवर टाकली. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय पडलं? भोंगा झाकणं रचत होता.

शिवणबाईंनी कात्री उचलली आणि परत टाकली.

मी म्हटलं, नका ना टाकू. त्यांनी विचारलं, "तपासणी कधी आहे?" सहा मे. "उद्या जा. वेळ देत नसतील तर दारात बसून राहा. मी येते बरोबर." मी म्हटलं, उद्या साडेदहाची कडी? त्यांनी उठून भोंग्याला मांडीवर घेतलं.

मला माहीत होतं. आज लिहिते. मला केव्हापासून माहीत होतं ते मात्र लिहिता येत नाही.

२३ एप्रिल

आम्ही चौघं गेलो, हे, मी, भोंगा, शिवणबाई. दारात बसलो. अकराला आत घेतलं.

एका लहानशा बंद खोलीत मला खुर्चीवर बसवून भोंग्याला मांडीवर दिलं. डाव्या बाजूने आवाज, उजव्या बाजूने आवाज. आधी चिमणीएवढा, मग वाढत वाढत इतका मोठा की मलाच कानांवर हात ठेवावेसे वाटले. तो माझ्या ब्लाउजचं बटण फिरवत होता. काचेपलीकडे तपासणारी बाई प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होती. मी मनात म्हणत होते, वळ रे, एकदा वळ, फक्त एकदा. नंतर त्याला झोपवून डोक्याला तारा लावून पुन्हा तेच.

ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी.

२५ एप्रिल

आज स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना बसवलं. त्यांनी विचारलं, आवाजाकडे बघणं नेमकं कधी बंद झालं, आठवतं का? हे म्हणाले, नीट सांगता येणार नाही. मी पिशवीतून ही वही काढली. त्या म्हणाल्या, वाचा.

मी वाचलं. आठ मार्च, दाराची घंटा दोनदा वाजली, दार आपटलं, उठला नाही. चौदा मार्च, कपड्यांचं मशीन, चार कडवी मोठ्याने, उठला नाही, बोलणं बंद. एकवीस मार्च, चाव्या. सहा एप्रिल, ढोलकी, दोनशे माणसं. जिथे स्तुती लिहिली होती तीही वाचली, गाळायचं सुचलं नाही. डॉक्टर लिहून घेत होत्या. त्यांनी फक्त तारखा घेतल्या.

मग म्हणाल्या, ह्या आजारानंतर कानाच्या आतली पोकळी हळूहळू हाडासारखी घट्ट व्हायला लागते. डावीकडची भरून गेलीय, तिथे काही करता येणार नाही. उजवीकडे अजून थोडी जागा आहे. आठ-पंधरा दिवसांत ऑपरेशन करून आत यंत्र बसवलं तर कदाचित आवाज येईल. किती येईल ते सांगता येत नाही.

ह्यांनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर फाईल उलटत होत्या. त्यांनी सहज वाचलं, "एक एप्रिलची वेळ होती, पालकांच्या विनंतीवरून पुढे ढकलली." मग वर बघितलं आणि हळू म्हणाल्या, "तेव्हा डावी बाजू कशी असती ते आता सांगता येत नाही."

घरी आल्यावर ह्यांनी दारात चाव्या काढल्या, वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरल्या, आणि कुलूप उघडता उघडता म्हणाले, "साडेदहाची होती ना वेळ." मी म्हटलं, हो. आत गेल्यावर ते पलंगावर बसले. म्हणाले, "कुरकुरत्या लिफ्टजवळ उभा राहून मी आवाजावरून सांगतो कुठे बिघडलंय. आणि घरात माझ्या पोराचं मला कळलं नाही." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल

पाळकीणबाई आल्या. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, देवाची योजना आपल्याला कळत नाही. मी म्हटलं, मी मागितलं होतं ते दिलं त्याने, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, असं नसतं गं, देव असा नाही. मी म्हटलं, मग ती शांतता त्याने दिली असं मी उभी राहून सांगितलं तेव्हा तुम्ही आमेन का म्हणालात? चांगल्या आहेत त्या. जाताना डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याशी वाईट वागले.

शिवणबाईंना विचारलं, फेब्रुवारीत मी खोटं बोलत होते ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? त्या म्हणाल्या, "मागे पोरगं किंचाळत असायचं. एवढ्यात कोण प्रार्थना करतं? मी तुझाही अर्धा तास बसायचे." मग म्हणाल्या, "मार्चमध्ये मागून आवाज यायचा बंद झाला, तेव्हा मला खटकलं होतं. विचारलं नाही. तू इतकी आनंदात होतीस." त्यासुद्धा रडायला लागल्या. चाळीस वर्षांत त्यांना कोणी रडताना बघितलं नसेल. माझ्याच्याने त्यांची समजूत घालवेना.

२ मे

साडेदहाला बसते. सवय झालीय. शब्द येत नाहीत. क्षमा माग म्हटलं तर कशाची मागू? प्रार्थना केल्याची? देवावर रागवावं म्हटलं तर तपासणीची वेळ त्याने बदलली नाही, मी बदलली. उजव्या कानासाठी मागावं म्हटलं तर मागायची भीती वाटते. मी काही मागितलं आणि त्याने पुन्हा ऐकलं, तर?

भोंगा समोर झाकणं रचत असतो. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसते आणि अकराला शिवणबाईंना फोन करून सांगते, आज नाही झाली. त्या म्हणतात, बरं.

५ मे, सोमवार

ऑपरेशन शुक्रवारी.

आज सव्वादहाला बेकरीवाल्यांची सून आली. महिनाभर माहेरी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. बाळ जिन्यापासूनच रडत होतं, चेहरा लाल, मुठी आवळलेल्या. पोरगी उभ्या उभ्या बोलायला लागली. "ताई, मी रोज मागते. तुम्ही सांगितलं तसं, विश्वासाने. महिना झाला. काल मी ह्याला गादीवर आपटणार होते ताई, खरंच, हात वर गेला होता माझा. माझंच कुठेतरी चुकतंय. तुम्ही नेमकं कसं मागितलं होतं? शब्द सांगा ना, मी लिहून घेते." तिने खरंच पेन आणलं होतं.

मी तिला म्हटलं, मागू नकोस. ती म्हणाली, म्हणजे? एवढं सगळं तारखेनिशी ह्या वहीत लिहिलंय आणि तिला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी हात पुढे केले आणि तिचं बाळ घेतलं. ते माझ्याकडे आल्यावर आणखीच पेटलं. छाती भरून श्वास घ्यायचं आणि सगळा जीव एकवटून ओरडायचं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतली.

भोंगा खिडकीखाली बसला होता, पाठ आमच्याकडे. मी बाळाला घेऊन गेले आणि त्याच्या मागे फरशीवर बसले, अगदी जवळ. बाळाचं तोंड त्याच्या उजव्या कानापासून वीतभर होतं. ते रडत होतं आणि भोंगा झाकण उचलून बघत होता, खालचं मोठं आहे का, वरचं मोठं आहे का. डॉक्टरांनी सांगितलंय, दोन्ही कानांनी काही येत नाही. मला माहीत आहे. तरी मी तशीच बसून राहिले आणि त्याच्या मानेकडे बघत राहिले.

ती पोरगी कासावीस झाली होती. सारखी म्हणत होती, "द्या ताई, मी गप्प करते त्याला, द्या ना."

मी म्हटलं, थांब गं जरा, रडू दे त्याला.